माझा ठिपका कुठला? काजू कारखान्यातलं रक्त, एक आलेख आणि एक सादरीकरण

हे प्रकरण सिंधुदुर्गातलं आहे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करणाऱ्या संशोधिकेने अजून कुठेही न छापलेलं काम आपल्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मांडलं. ज्यांच्या रक्तावर ते काम उभं होतं त्या काजू कारखान्यातल्या बायका समोर बसल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून माणसं, गाव आणि संस्था यांची नावं दिलेली नाहीत. तिच्या प्रयोगांचे निष्कर्षही इथे सांगत नाही. ते तिचे आहेत आणि तिनेच ते आधी सांगावेत. त्या सभेच्या आयोजनात माझा हात होता. त्यामुळे हे लेखन तटस्थ आहे असा दावा करत नाही.

आधी विषय समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा पेच विषयातूनच निघतो.

तेल आणि त्वचा

काजूच्या टरफलात जे दाट, तपकिरी तेल असतं ते हाताला लागलं की काय होतं, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. ओले काजूगर काढणाऱ्या बाईची बोटं पावसाळ्यापर्यंत काळी राहतात, साल निघते. आंब्याचा चीक गालावर उडाला की डाग पडतो, आणि बिब्बा उतला की माणूस आठवडाभर हैराण. आंबा, काजू, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. त्यांच्या चिकातली रसायनंही एकमेकांची भावंडं आहेत. काजूच्या तेलात मुख्यतः अॅनाकार्डिक आम्ल, त्याखालोखाल कार्डॉल आणि थोडं कार्डॅनॉल असतं. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाच्या वेलीने जे पुरळ उठतं तेही याच कुळातल्या रसायनामुळे. १९८२ मध्ये पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल संघाच्या मदतीसाठी विकलेल्या काजूच्या पाकिटांत टरफलाचे तुकडे राहून गेले होते. ते खाल्लेल्या ५४ जणांच्या अंगावर पुरळ उठलं होतं. काजूगर आपण रोज खातो आणि काही होत नाही. त्रास असतो तो टरफलाचा.

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि पहिल्यांदा ऐकणारा त्यांची गल्लत करतोच. एक म्हणजे निव्वळ भाजणं. तेल दाहक आहे, जास्त लागलं तर कुणाचीही कातडी भाजेल, त्यात प्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ॲलर्जी. तेलातले रेणू इतके लहान असतात की एकटे असताना शरीराला त्यांची दखलही घेता येत नाही. ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटले की शरीर त्यांना परकं ठरवतं. पहिल्या भेटीत फक्त ओळख होते. पुढच्या भेटीत एक-दोन दिवस उलटल्यावर, तेल जिथे लागलं तिथे आणि कधी त्याच्या आसपासही, लाली, खाज आणि पाण्याचे फोड येतात. हा उशीर टी पेशींमुळे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींमुळे होतो. १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगवर दाखवून दिलं की अशी संवेदनशीलता एका प्राण्यातून दुसऱ्यात न्यायची तर रक्तद्रव नेऊन भागत नाही, पेशी न्याव्या लागतात. चार वर्षांनी चेस यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तेच रसायन आधी खाऊ घातलं तर त्या प्राण्यांना नंतर त्याची ॲलर्जी करून देणं अवघड जातं.

संशोधिकेचा प्रश्न इथून सुरू होतो. कारखान्यात नवीन आलेल्या मुलीच्या हाताला उततं. काहींचं उतणं थांबतच नाही आणि त्या काम सोडतात. पण काही जणी वर्षानुवर्षं तेच तेल हाताळतात आणि त्यांच्या हाताला काही होत नाही. त्या म्हणतात, 'अंगात मुरलं'. या मुरण्यामागे काय आहे? त्यांच्या टी पेशी ते तेल विसरल्या, की पेशी जागच्या जागी आहेत पण त्यांना कुणीतरी आवरून धरलंय? आवरून धरणाऱ्या पेशींना नियामक टी पेशी म्हणतात. मेरी ब्रन्कोव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल याच पेशींच्या कामासाठी मिळालं.

हे उंदरावर का करत नाहीत, असा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. इथे त्याचं उत्तर चोख आहे. २०१६ मध्ये असं दिसून आलं की पॉयझन आयव्हीचं तेलकट रसायन कातडीतल्या लँगरहान्स पेशी सीडी१ए नावाच्या रेणूवर धरून टी पेशींना दाखवतात. उंदरांमध्ये सीडी१ए नसतोच. उंदरात हा रेणू मुद्दाम घालता येतो, पण दहा-पंधरा वर्षं बी फोडलेली बाई उंदरात घालता येत नाही. (या पेशी १८६८ मध्ये पॉल लँगरहान्सने विद्यार्थी असतानाच शोधल्या आणि त्या मज्जातंतूंच्या आहेत असं त्याला वाटलं. शोध बरोबर आणि अर्थ चुकलेला, हेही नव्या संशोधकांच्या बाबतीत होतंच.)

म्हणून रक्त हवं होतं, आणि तेही कारखान्यातल्या बायकांचं. तेल कातडीवर लावून बघण्याची चाचणी तिने केली नाही. त्या चाचणीनेच एखादीला नव्याने ॲलर्जी लागू शकते आणि मग रोजीरोटीच्या कामावर पाणी. फक्त रक्त घेतलं. नळ्या बर्फात ठेवायच्या नाहीत, खोलीच्या तापमानालाच न्यायच्या, आणि घाट चढून पुण्याला पोचल्यावर लगेच पेशी वेगळ्या करायच्या. दुपारी घेतलेल्या रक्तावर मध्यरात्री काम सुरू होई. एरवी टी पेशी मलूल होतात आणि डिशमध्ये घातल्यावर काही बोलत नाहीत.

कुणाला आधी सांगायचं

पहिल्या फेरीचे नमुने मोजून झाले तेव्हा तिची शिष्यवृत्ती शेवटच्या टप्प्यात होती. २०२३ पासून सीनियर फेलोला महिन्याला ४२,००० रुपये मिळतात, आणि ज्युनियर-सीनियर मिळून पाच वर्षांनी ते थांबतात. पीएच.डी.साठी शोधनिबंध छापून येणं सक्तीचं नाही असा नियम यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये केला खरा. पण पुढची नोकरी देणारे मुलाखतीत पहिलं काय विचारतात ते सगळ्यांना माहीत आहे.

तिच्यासमोर तीन व्यासपीठं एकाच महिन्यात आली. एका राष्ट्रीय परिषदेत पोस्टरसाठी गोषवारा पाठवायचा होता. गाईडचं म्हणणं होतं की प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलच्या छाननीआधीचा निबंध, ऑनलाइन टाकून द्यावा, म्हणजे तारीख आपल्या नावावर लागते आणि मग पोस्टरचे फोटो कुणी काढले तरी चिंता नाही. आणि तिसरं आमच्याकडचं: कोकणातून बाहेर शिकायला गेलेल्या मुलामुलींनी सुट्टीत येऊन आपापलं चालू काम मराठीत मांडायचं, असा एक दिवस आम्ही ठेवला होता.

गाईडना तिसरं व्यासपीठ आवडलेलं नव्हतं. त्यांचा मुद्दा हलका नाही. न छापलेलं काम खुल्या सभेत सांगायचं, तेही जिथे त्यावर शास्त्रीय प्रश्न विचारणारं कुणी नाही, तर धोका पूर्ण आणि फायदा शून्य. आधी आपल्या क्षेत्रातल्या लोकांकडून काम तावूनसुलाखून घ्यावं, मग गावात सांगावं. प्रयोगशाळांमध्ये हाच क्रम रूढ आहे: ग्रुप मीटिंग, परिषद, जर्नल, आणि वेळ उरला तर 'जनजागृती'.

माझं मत या क्रमाच्या विरुद्ध होतं आणि अजूनही आहे. आपल्या क्षेत्रातले लोक म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न इम्युनॉलॉजीच्या (प्रतिकारशक्तीच्या शास्त्राच्या) इतिहासाने एकदा फार महागात सोडवलेला आहे. ओहायोत ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोंबड्यांमधली बर्सा नावाची छोटी पिशवी काढून टाकून बघत होता, काय बिघडतं ते कळावं म्हणून. काहीच बिघडत नव्हतं. मग टिमथी चँग या दुसऱ्या विद्यार्थ्याला वर्गात प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) प्रात्यक्षिक दाखवायला कोंबड्या हव्या होत्या. ग्लिकने त्याला आपल्या उरलेल्या कोंबड्या दिल्या आणि त्यांतल्या काहींनी प्रतिपिंडं तयारच केली नाहीत. बर्सा काढलेल्या त्याच होत्या. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचं उगमस्थान असं हाती लागलं. 'सायन्स'ने तो निबंध नाकारला. १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये आला, आणि कोंबड्यांचं मासिक इम्युनॉलॉजीवाले वाचत नसल्यामुळे काही वर्षं तसाच पडून राहिला. ही गोष्ट साधारणपणे 'चांगल्या जर्नलमध्ये छापा' या उपदेशासाठी सांगतात. मला तिचा पूर्वार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो: शेजारच्या टेबलावरच्या, वेगळंच काम करणाऱ्या मुलाला कोंबड्या दिल्या नसत्या तर छापायला काही नव्हतंच.

शेवटी तडजोड झाली. सभेत प्रश्न आणि पद्धत सांगायची, एकच आलेख दाखवायचा, फोटो काढू द्यायचे नाहीत. गोषवारा पाठवायचा. प्रीप्रिंट सभेनंतर आठवड्याभरात. गाईडनी 'ठीक आहे' असं दोन शब्दांच्या ईमेलने कळवलं, त्यावरून कितपत ठीक आहे ते कळत होतं.

तो आलेख

आदल्या संध्याकाळी बोलणाऱ्या सगळ्यांनी एकमेकांसमोर तालीम केली. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिपिंडांवर काम करणारा होता, माशांच्या लशींवरची मुलगी होती, दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या माकडतापावर बोलणारा एक जण होता. तालमीत तिच्या बोलण्यातली भाषा सुधारली. 'सायटोकाइन' गेलं, 'पेशी एकमेकींना पाठवतात ते निरोप' आलं. आलेखावर कुणी काही बोललं नाही. उलट एकाने कौतुक केलं की तिने सरासरीचे खांब न काढता प्रत्येक व्यक्तीचा ठिपका दाखवला. आजकाल चांगली जर्नल्स हेच मागतात, कारण खांबाआड काहीही लपतं.

आलेख असा होता. आडव्या अक्षावर कामाची वर्षं. उभ्या अक्षावर डिशमध्ये तेलातलं रसायन दिल्यावर त्या बाईच्या टी पेशींनी दिलेला प्रतिसाद. ठिपक्याचा रंग वयाप्रमाणे. आणि सध्या हाताला पुरळ आहे अशा बायकांसाठी गोल ठिपक्याऐवजी त्रिकोण.

पुण्यातल्या कुठल्याही सभागृहात हा आलेख निर्दोष आहे. नाव नाही, पत्ता नाही, क्रमांकसुद्धा नाही. पण कारखाना वीस-पंचवीस बायकांचा. तिथे कोण किती वर्षं आहे हे मुकादमाला तोंडपाठ. सगळ्यात उजवीकडचा, सगळ्यात गडद ठिपका कुणाचा हे शोधायला संशोधन लागत नाही. त्या दिवशी सभेला बायका होत्या, मुकादम होता, आणि रक्त घ्यायला परवानगी दिली म्हणून रीतीप्रमाणे बोलावलेले कारखान्याचे मालकही पहिल्या रांगेत होते.

मालक वाईट माणूस नाही, हे सांगायला हवं. त्याने ऐकताना वहीत टिपणं घेतली. आलेख पडद्यावर आला तेव्हा त्याने अगदी मनापासून, मदतीच्या सुरात विचारलं, "म्हणजे मॅडम, कामावर घेण्याआधीच रक्त तपासून घेतलं तर कुणाला उतणार ते कळेल ना? त्यांनाही त्रास नाही, आपल्यालाही नाही."

बायकांच्या रांगेत कुजबुज थांबली. बी फोडण्याची मजुरी किलोवर मिळते. हातमोजे घातले तर वेग जातो आणि गराचा तुकडा पडतो. अख्खा गर, डब्ल्यू ३२० सारख्या प्रतीचा, आणि तुकडा यांच्या भावातला फरक शेवटी फोडणाऱ्याच्याच पदरात येतो. म्हणून बहुतेक जणी हाताला तेल किंवा राख चोळून उघड्या हातांनीच बसतात. उतलं तर चार दिवस घरी, आणि घरी म्हणजे बिनपैशांनी. कुणाच्या हाताला सध्या उतलंय हे पडद्यावर त्रिकोणाने दाखवणं म्हणजे काय, ते त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांना एकदम कळलं, संशोधिकेसकट.

मग मागून एका मावशींनी विचारलं, "ह्यातलो माझो ठिपको खंयचो गो?"

हसू झालं. शेजारची म्हणाली, "ती वरची म्हातारी कोण ता सगळ्यांक ठावक आसा." आणखी हसू. पण हसण्यात त्यांनी एक गोष्ट अचूक सांगून टाकली होती. संमतीपत्रावर 'माहिती गोपनीय राहील' असं लिहिलं होतं आणि ती पडद्यावर होती.

संशोधिकेने दोन गोष्टी केल्या, दोन्ही चटकन. एक, पडदा मागे नेऊन शीर्षकाच्या स्लाइडवर आणला. दोन, मालकाला सरळ उत्तर दिलं: या रक्ताच्या चाचणीवरून कुणाच्या हाताला उतेल हे सांगता येत नाही, इतक्या थोड्या लोकांच्या अभ्यासातून तसं काही ठरवताच येत नाही, आणि हे रक्त बायकांनी त्यासाठी दिलेलं नाही. शेवटचं वाक्य तिने जरा जोरात म्हटलं. मालकाने मान डोलावली. पटलं की सभेचा मान राखला, कोण जाणे.

दुसरा प्रश्न

इथे प्रकरण संपलं असतं तर ते गोपनीयतेवरचं एक छोटं उदाहरण झालं असतं. पण चहाच्या वेळी त्याच मावशी स्लाइडच्या आडव्या अक्षाबद्दल बोलायला आल्या. 'कामाची वर्षं' ही कल्पना त्यांना खटकली होती.

"पयली भाजलेली बी येय, आता उकडलेली येता. तेल दोनांचा वेगळा. तू दोनय एकत्र धरलंस?"

या एका वाक्यात रसायनशास्त्राचं अख्खं पान आहे. जुन्या पद्धतीत बी भट्टीत भाजून मग फोडत. फार तापवलं की अॅनाकार्डिक आम्लातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचं कार्डॅनॉल होतं. शिवाय भाजताना तेल मोठ्या प्रमाणात बाहेर गळून जळतं. आता बहुतेक ठिकाणी बॉयलरच्या वाफेवर बी उकडतात आणि पायाने दाबायच्या कटरवर फोडतात. वाफेत तापमान भाजणीइतकं चढत नाही. तेल टरफलातच राहतं आणि कटरच्या पात्यावरून थेट बोटांवर येतं. म्हणजे वीस वर्षं काम केलेल्या बाईची पहिली काही वर्षं एका मिश्रणात गेलेली, पुढची दुसऱ्या. पाच वर्षं काम केलेलीने भाजलेली बी हाताळलेलीच नाही. आलेखाच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या बायकांमध्ये फरक दिसला तर तो 'मुरण्या'चा की तेल बदलल्याचा? पेशींना डिशमध्ये कुठलं रसायन द्यायचं हेसुद्धा यावर अवलंबून आहे.

हा प्रश्न तालमीत आला नव्हता. प्रयोगशाळेच्या ग्रुप मीटिंगमध्येही आला नव्हता, आणि माझी खात्री आहे की परिषदेतही आला नसता. तिथे सीडी१ए वर तासभर वाद होईल, पण बी भाजतात की उकडतात हे कोण विचारणार? गाईड म्हणत होते ती शास्त्रीय छाननी झाली, फक्त ती ज्या खुर्चीतून अपेक्षित होती तिथून आली नाही. गावातल्या सभेला 'जनजागृती' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते यासाठी. त्या शब्दात माहिती एकाच दिशेने वाहते असं आधीच ठरवलेलं असतं.

अर्थात याचं भाबडं कौतुकही नको. त्याच चहाच्या वेळी दुसऱ्या एका बाईने ठामपणे सांगितलं की बिब्ब्याचं तेल पोटात घेतलं की हाताला उतत नाही. चेस यांचे १९४६ चे गिनीपिग आठवून संशोधिकेचे डोळे क्षणभर चमकले, हे मी पाहिलं. पण बिब्बा पोटात घेऊन माणसं आजारी पडलेली आहेत, आणि तिने तिथल्या तिथे तसं करू नका म्हणून सांगितलं. कामगारांचं म्हणणं हाही एक पुरावाच. तोही तपासूनच घ्यावा लागतो.

पुढे काय केलं

प्रीप्रिंट थांबवला. गाईड चिडले, मग बॉयलरचा मुद्दा ऐकल्यावर शांत झाले आणि म्हणाले की हे परीक्षकाने छापण्याच्या वेळी काढलं असतं तर सहा महिने गेले असते. कारणं दोन होती, पण त्यांना पटलं ते एकच, असं मला वाटतं.

आलेख नव्याने काढला. वयाचा रंग काढून टाकला. वर्षं नेमकी न देता तीन गटांत टाकली. त्रिकोण गेले, पुरळ आहे-नाही हे फक्त गटाच्या पातळीवर, मजकुरात. ठिपके मात्र ठेवले, कारण ते लपवले तर काम तपासता येत नाही. गावाऐवजी 'पश्चिम किनाऱ्यावरील काजूप्रक्रिया केंद्र' असं लिहिलं. प्रत्येकीची नेमकी माहिती खुल्या संचात न टाकता, मागणाऱ्याचा हेतू बघून एथिक्स कमिटीच्या परवानगीने द्यायची, असं ठरलं. परिषदेतल्या पोस्टरसमोर एका परीक्षकाने नाराजीने विचारलंच की वयाची माहिती का नाही. आकडे उघडे ठेवायचे की माणसं झाकायची, ही ओढाताण नव्या संशोधकाला फार लवकर भोगावी लागते आणि तिचं शिक्षण कुठल्याच कोर्सवर्कमध्ये नीट मिळत नाही. नाव काढलं की ओळख गेली, एवढंच शिकवतात. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात ते बरंचसं खरं असतं. वाडीत नसतं.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये वरिष्ठांच्या हाताखाली काम करणाऱ्यांना विशेष संरक्षण द्यावं असं आहे, आणि संशोधनाचं फलित त्या लोकांपर्यंत पोचवावं असंही आहे. दोन्ही एकत्र पाळायचं तर सभा वेगळ्या घ्याव्या लागतात: बायकांची आधी, मालकांची नंतर, आणि दोघांना दाखवायचे आलेख वेगळे. पुढची सभा आम्ही तशीच घेतली, एका बाईच्या पडवीत. मुकादमाला बोलावलं नाही. त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, आणि त्याला जे सांगितलं ते मालकालाही सांगितलं.

त्या पडवीत बायकांनी आपापला निकाल मागितला. इथे संशोधिका अडली. कमिटीने वैयक्तिक निकाल द्यायची परवानगी दिलेली नव्हती, आणि कारणही योग्य होतं: डिशमधल्या पेशींचा आकडा हातात देऊन बाईने त्याचं करायचं काय? 'प्रतिसाद जास्त' याचा अर्थ ती उद्या उतणार असा घेईल आणि काम सोडेल, किंवा 'कमी' म्हणजे आपण सुरक्षित असं समजून राखही लावायची थांबवेल. दोन्ही चूक. तिने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. काहींना पटलं. एक जण म्हणाली, रक्त माझं, मग आकडा का नाही? याला चांगलं उत्तर तिच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. कमिटीकडे सुधारित अर्ज गेला आहे: ज्यांना हवा त्यांना निकाल, डॉक्टरांच्या समोर, एकटीला, आणि कागद घरी न देता.

दुसऱ्या फेरीच्या प्रश्नावलीत 'किती वर्षं' याऐवजी आता 'किती वर्षं भाजलेली, किती वर्षं उकडलेली' असे दोन रकाने आहेत. शिवाय घरी ओले काजूगर काढता का, हाही एक रकाना आला, कारण फेब्रुवारी ते मे या काळात कारखान्याबाहेरचं तेलही हाताला लागतंच. नमुने काजूचा हंगाम सुरू होण्याआधी घ्यायचे ठरले आहेत.

राहिला एक मुद्दा. बॉयलरचा प्रश्न विचारणाऱ्या मावशींचं नाव निबंधाच्या आभारात घालावं असं संशोधिकेला वाटतं. असा प्रश्न एखाद्या प्राध्यापकाने विचारला असता तर 'उपयुक्त चर्चेबद्दल' त्याचं नाव आलंच असतं. पण नाव छापलं की त्या नमुन्यांतल्या एक आहेत हे उघड होतं, आणि त्यांच्यावरून कारखाना, कारखान्यावरून बाकीच्या. मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घाल गो नाव, माका आता कोण काढता?" त्यांची हरकत नाही, पण ती परवानगी त्या एकट्याने इतरांच्या वतीने देऊ शकत नाहीत. सध्याच्या मसुद्यात 'काजूप्रक्रियेतील कामगार स्त्रियांनी अभ्यासाच्या रचनेत सुचवलेल्या बदलांबद्दल' असं एक वाक्य आहे. गाईडनी त्यातलं 'रचनेत' तेवढं खोडून समासात प्रश्नचिन्ह काढलं आहे, आणि संशोधिकेने ते पुन्हा लिहून मसुदा परत पाठवला आहे.